रानमूग की रानउडीद? कोकणातल्या घाटात आणि सड्यावर ओळख कशी पटवायची

गौरी-गणपतीच्या दिवसांत आंबोली, कुंभार्ली किंवा वरंधा घाटात रस्त्याच्या कडेला नजर टाका. गवतावर आणि झुडपांवर चढलेली, तीन-तीन दलांच्या पानांची, पिवळ्या फुलांची वेल हमखास दिसेल. बहुतेक जण तिचा फोटो काढतात, खाली ‘रानमूग’ लिहितात आणि पुढे जातात. पण त्याच कडेला हातभर अंतरावर तशाच पिवळ्या फुलांच्या आणखी तीन-चार वेली असू शकतात. त्यातली एक तुरीची चुलत बहीण निघते, एक कुळथाची, आणि एखादी खरोखर मुगाची असते. पिवळा रंग सगळ्यात आधी डोळ्यांत भरतो, पण ओळखीसाठी त्याचा उपयोग सगळ्यात कमी. ओळख पटते ती उपपर्णावरून (देठाच्या बुडाशी असणारं छोटं पातं), शेंगेच्या ठेवणीवरून आणि बीच्या डोळ्यावरून.

एक खुलासा आधीच करायला हवा. ‘रानवाटाणा’ शोधायला निघाला असाल तर खरा वाटाणा कोकणात रानात उगवत नाही. त्याचे रानटी भाऊबंद भूमध्य समुद्राच्या भोवतालचे आणि पश्चिम आशियातले. मालवणकडे ज्याचं सांबारं होतं तो काळा वाटाणा खरा वाटाणाच, पण तो दुकानातून येतो, डोंगरातून नाही. पारख सोपी आहे. वाटाण्याच्या पानाचं टोक तणाव्यात संपतं, म्हणजे स्प्रिंगसारख्या धाग्यात, आणि त्या धाग्याने वेल आधार धरते. कोकणातल्या डोंगरात ज्या वेलींना लोक रानवाटाणा म्हणतात त्यांना तणावा नसतो. त्यांचं खोडच आधाराला पीळ घालत चढतं. पानाच्या टोकाला धागा दिसला नाही की वाटाणा विसरायचा आणि मूग, उडीद, तूर, कुळीथ यांच्या नातेवाइकांकडे वळायचं.

१. सुरुवात डब्यांपासून करा

डोंगरात जाण्याआधी अर्धा तास स्वयंपाकघरात घालवा. अख्खे मूग, अख्खे उडीद, मटकी, कुळीथ आणि चवळी यांचे प्रत्येकी पाच-सहा दाणे घ्या आणि पांढऱ्या पुठ्ठ्यावर डिंकाने ओळीत चिकटवा. डोळा वरच्या बाजूला येईल असे ठेवा. डोळा म्हणजे दाणा शेंगेला जिथे चिकटलेला असतो ती पांढरट खूण.

आता दहापट मोठं दाखवणारं भिंग डोळ्याला लावा आणि पुठ्ठा भिंगाजवळ आणा, भिंग पुठ्ठ्याकडे नेऊ नका. उडदाच्या डोळ्याभोवती उंचावलेली पांढरी कड दिसेल. मध्ये खळगा आणि बाजूने बांध, एखाद्या छोट्या होडीसारखा. मुगाचा डोळा सपाट असतो, दाण्याच्या पातळीतच, कड नसते. मूग आणि उडीद वेगळे करायला सगळ्यात भरवशाची खूण हीच, आणि ती रानटी दाण्यातही टिकते. कुळथाचा दाणा चपटा आणि डोळा अगदी बारीक. चवळीचा डोळा तर भिंगाशिवाय दिसतो.

हा पुठ्ठा प्लास्टिकच्या पाकिटात घालून पिशवीत ठेवा. डोंगरात तोच तुमचा संदर्भ.

२. नावांचा गुंता आधीच सोडवा

शास्त्रीय नावांनी इथे एक गंमत करून ठेवली आहे. ‘व्हिग्ना मुंगो’ म्हणजे मूग नव्हे, उडीद. मूग म्हणजे ‘व्हिग्ना रेडिआटा’. नवखा माणूस इथे हमखास घसरतो आणि पुढची सगळी टिपणं उलटी होतात. वहीच्या पहिल्या पानावर हे लिहूनच ठेवा.

गावातल्या नावांचा वेगळा घोळ आहे. ‘रानमूग’ हे नाव मुगाच्या रानटी प्रकाराला चालतं आणि जमिनीलगत पसरणाऱ्या व्हिग्ना ट्रायलोबाटालाही. ही दुसरी म्हणजे आयुर्वेदातली मुद्गपर्णी. ‘रानउडीद’ म्हटलं की कोणी उडदाचा रानटी प्रकार दाखवतो, तर कोणी माषपर्णी, म्हणजे टेरॅम्नस लॅबिआलिस. या माषपर्णीचा उडदाशी नावापुरताच संबंध. तिची फुलं फिकट गुलाबी किंवा पांढरट, जेमतेम अर्धा सेंटिमीटर, आणि बारीक सरळ शेंगेच्या टोकाला वर वळलेली चोच. गावातलं नाव जरूर विचारा आणि सांगितलं तसं लिहून घ्या, पण ओळख म्हणून नाही, माहिती म्हणून.

३. वेळ आणि जागा

या वेली मृगाच्या पावसाने उगवतात. फुलं साधारण ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत असतात. शेंगा नवरात्रापासून पक्व होतात. दिवाळीनंतर वेल वाळायला लागते, आणि तोवर गवतही कापलं गेलेलं असतं. फुलं आणि पक्व शेंगा एकाच वेलीवर हव्या असतील तर सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचा मध्य हा काळ साधा. एकच फेरी शक्य असेल तर ती याच पंधरवड्यात करा. गणपतीत गेलात तर फुलं भरपूर मिळतील, पण निर्णय लावणारी शेंग नसेल.

दिवसाची वेळही पाळायला हवी. मूग-उडदाच्या गटातली फुलं सकाळी उमलतात आणि दुपारपर्यंत मलूल होतात. फूल उघडून बघायचं काम सकाळी दहाच्या आत उरका. पिकलेल्या शेंगा मात्र उन्हात तडकतात, म्हणून शेंगा गोळा करायच्या तर तेही सकाळीच, दव असताना.

जागेबद्दल एक गैरसमज आहे. लोक थेट सड्याच्या, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठाराच्या, मधोमध कातळावर शोधायला जातात. तिथे मातीचा थर बोटभर. तिथली पिवळी फुलं बहुधा कवल्याची, म्हणजे स्मिथियाची असतात. याच गटातल्या कवळ्याची कोवळी पानं पावसाळ्यात भाजीला येतात. त्याचं पान तीन दलांचं नसतं. पिसासारखं असतं, बारीक दलांच्या जोड्यांचं. मूग-उडदाचे नातेवाईक शोधायचे तर सड्याच्या कडा बघा: जांभ्याच्या गडग्यालगतची झुडपं, कारवीची किनार, घाटरस्त्याने कापलेली दरड, वरकस जमिनीचे बांध. खलाटीत, म्हणजे किनाऱ्याकडच्या सखल पट्ट्यात, शेताच्या बांधावर आणि समुद्राजवळच्या रेताड जागी मुद्गपर्णी जास्त सापडते. चढत घाटमाथ्यावर गेलात की उभ्या वाढणाऱ्या आणि झुडपावर चढणाऱ्या जाती भेटतात.

४. काय न्यायचं आणि कोणाला विचारायचं

सामान फार लागत नाही, पण यातलं काही राहिलं तर फेरी फुकट जाते:

- दहापट भिंग, दोरीने गळ्यात
- मिलिमीटरच्या खुणा असलेली १५ सेंटिमीटरची पट्टी
- टोकदार सुई आणि ब्लेड
- कागदी पाकिटं, किमान पंचवीस
- शिसपेन्सिल आणि वही
- जुनी वर्तमानपत्रं आणि दोन फळ्यांचा दाब, पट्ट्यांसकट
- एक काळं आणि एक पांढरं कापड, रुमालाएवढं
- झाकण घट्ट बसणारी एखादी छोटी बाटली, अर्धी स्पिरिट भरून
- ओळखपत्र

पाकिटं कागदीच हवीत. प्लास्टिकमध्ये ओली शेंग एका रात्रीत बुरशी धरते. पेनही नको, कारण शाई पहिल्याच सरीत पसरते.

परवानगीचं काम आधी करा. फणसाड किंवा कोयनेसारख्या अभयारण्यात वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय पानही तोडायचं नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि तो वनस्पतींनाही लागू होतो. राखीव जंगलातही परवानगी हवीच. उरलेल्या जागांबद्दल एक लक्षात ठेवा: सड्याला कुंपण नाही म्हणून तो सरकारी आहे असं नसतं. कोकणात पुष्कळ सडे खाजगी आहेत आणि एकेका सातबाऱ्यावर दहा-बारा नावं असतात. सगळ्यांना गाठणं शक्य नाही, पण वाडीत विचारून जाणं शक्य आहे. देवराईत मात्र गुरवाला किंवा मानकऱ्यांना विचारल्याशिवाय हात लावू नका. तिथे फोटोवर भागवलेलं बरं.

धोक्याच्या तीन गोष्टी. पहिली फुरसं. जांभ्याच्या सड्यावर ते असतंच. मूळ उपटायला दगडांच्या कपारीत हात घालू नका. आधी काठीने पाचोळा हलवा. दुसरी जळवा. घाटमाथ्यावर पावसात त्या चढणारच, पायमोजे विजारीवर ओढून घ्या. तिसरी गोष्ट लोक विसरतात: खाजकुयली. तिचंही पान तीन दलांचं, वेलही तशीच चढणारी, पण पानं मोठी, फुलं जांभळी आणि लोंबत्या घोसात. ऑक्टोबरनंतर तिच्या शेंगांवर सोनेरी-तपकिरी मखमल दिसते. ती मखमल म्हणजे हजारो काटेरी केस, आणि वाऱ्यानेही ते अंगावर येतात. आले तर चोळू नका. चिकटपट्टी दाबून उचला, मग भरपूर पाण्याने धुवा.

५. गट पक्का करा

वेलीसमोर बसल्यावर आधी फोटो नको. आधी या क्रमाने बघा.

पान तीन दलांचं आहे का? देठाच्या तळाशी आणि प्रत्येक दलाच्या बुडाशी फुगीर सांधा आहे का? पानं संध्याकाळी मिटतात ती या सांध्यामुळे. दलाच्या बुडाशी केसाएवढी बारीक उपपर्णिका दिसते का? हे सगळं असेल तर वेल कडधान्यांच्याच घरातली. आंबुशीची पानंही तीन दलांची, पण तिला उपपर्णिका शोधून सापडणार नाही.

मग पान उलटं करा आणि भिंगातून खालची बाजू बघा. केसांच्या मध्ये पिवळसर चकाकणारे बारीक ठिपके दिसले तर थांबा. हे ग्रंथींचे ठिपके. तुरीच्या गोतावळ्यात ते असतात, मूग-उडदात नसतात. ठिपके असलेली, मऊ राखाडी लव असलेली, जमिनीलगत किंवा गवतावर चढणारी पिवळ्या फुलांची वेल बहुधा रानतूर असते, कजानस स्कॅराबिऑइडिस. तिची शेंग आखूड, दोन-अडीच सेंटिमीटरच्या आतली, लांब पिंगट केसांची, आणि दोन दाण्यांच्या मध्ये शेंगेवर आडवी खाच. ठिपके आहेत, पण शेंगेत जेमतेम एक-दोन दाणे आणि फूल अगदी लहान? मग ती ऱ्हिन्कोसिया मिनिमा असण्याची शक्यता मोठी.

ही एक पायरी नीट केली तर ‘रानमूग’ म्हणून टाकलेले कितीतरी फोटो गळून पडतील. पानाच्या मागची बाजू कोणी दाखवतच नाही, ही सगळ्यात मोठी अडचण.

६. उपपर्ण: इथे वेळ द्या

देठ खोडाला जिथे मिळतो तिथे दोन्ही बाजूंना पानासारखी छोटी पाती असतात. ती उपपर्णं. शेंड्याकडच्या तिसऱ्या-चौथ्या पेरावरची बघा. खालची वाळून गळालेली असतात.

प्रश्न एकच: पातं खोडाला कुठे चिकटलं आहे? मूग, उडीद, मटकी आणि मुद्गपर्णी यांच्या गटात ते टोकाने चिकटलेलं नसतं, मधूनच चिकटलेलं असतं. एक भाग वर जातो, एक भाग चिकटल्या जागेच्या खाली लोंबतो. भिंतीवर खिळ्याने मधोमध ठोकलेलं पान डोळ्यांसमोर आणा. सुईचं टोक पात्याखाली घालून हलकेच उचला, म्हणजे खिळा कुठे आहे ते दिसेल. नुसत्या डोळ्यांनी फसायला होतं, कारण खालचा भाग खोडाला चिकटून बसलेला असतो.

कुळथाचं उपपर्ण तळाशी चिकटलेलं असतं. मोठ्या जांभळ्या फुलांच्या हलुंड्याचंही, म्हणजे व्हिग्ना व्हेक्सिलाटाचं, तसंच. तो व्हिग्नाच, पण वेगळ्या शाखेतला. अडीच-तीन सेंटिमीटरचं गुलाबी-जांभळं फूल, पीळ पडलेली नौका (आतल्या दोन पाकळ्या जुळून झालेली) आणि जमिनीत कंद, त्यामुळे तो ओळखायला सोपा. त्यात वेळ घालवू नका.

आकारही नोंदवा. मुद्गपर्णीची उपपर्णं तिच्या लहान पानांच्या मानाने मोठी दिसतात. घाटमाथ्यावर कमरेएवढी उभी, वेलीसारखी न चढणारी, पिवळ्या फुलांची वनस्पती दिसली आणि तिची उपपर्णं अंगठ्याच्या नखापेक्षा मोठी, पानासारखी रुंद असली, तर व्हिग्ना खंडालेन्सिसचा विचार करा. खंडाळ्यावरून नाव पडलेली ही जात उत्तर सह्याद्रीपुरतीच आहे. ती मिळाली तर उपटू नका. फोटो, एखादं पान आणि दोन-चार पक्व शेंगा पुरे.

७. फूल उघडा

एकच फूल घ्या, काळ्या कापडावर ठेवा. सगळ्यात मोठी उभी पाकळी म्हणजे ध्वज, बाजूच्या दोन म्हणजे पंख, आणि आत दोन पाकळ्या जुळून झालेली नौका. सुईने आधी ध्वज मागे वाकवा, मग एकेक पंख काढा. घाई केली तर नौका फाटते, आणि बघायचं असतं ते तिथेच.

मूग-उडदाच्या गटात नौका सरळ नसते, पुढे वळून चोचीसारखी एका बाजूला झुकलेली असते. नौकेच्या एका कुशीला शिंगासारखा पोकळ फुगवटा असतो. हे शिंग दिसलं की गट पक्का. उडदात ते जास्त लांब, मुगात आखूड. पण दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय लांब-आखूड ठरवता येत नाही, म्हणून मापच घ्या. खुळखुळ्याच्या पिवळ्या फुलालाही चोच असते, पण तिथे दहाही पुंकेसर एकमेकांना जोडलेले असतात. इथे नऊ जोडलेले आणि एक सुटा.

रंगाची नोंद करा, पण तिच्यावर विसंबू नका. उडदाचं पिवळं भडक, मुगाचं थोडं फिकट, हिरवट झाक असलेलं. ऊन, फुलाचं वय आणि मोबाइलचा कॅमेरा मिळून हा फरक सहज पुसून टाकतात.

पानांवर पिवळे-हिरवे चट्टे असतील तर ते जातीचं लक्षण म्हणून लिहू नका. तो पिवळा मोझॅक, पांढऱ्या माशीमुळे पसरणारा विषाणू. शेजारची निरोगी वेल निवडा.

८. शेंग: मूग आणि उडीद इथे वेगळे होतात

शेंगा तोडण्याआधी वेलीवर कशा बसल्यात ते बघा आणि फोटो काढा, कारण तोडल्यावर ही खूण कायमची जाते. उडदाच्या शेंगा वर उभ्या किंवा तिरप्या उभ्या राहतात. मुगाच्या बाजूला पसरतात किंवा खाली झुकतात. कोवळी शेंग दोन्हीकडे वर तोंड करू शकते, म्हणून पूर्ण भरलेलीच बघा.

नंतर केस. शेंग आकाशाकडे धरून कडेने बघा. उडदाच्या शेंगेवर केस लांब, दाट, अंगाबाहेर उभे. मुगाच्या शेंगेवर आखूड. मुद्गपर्णीची शेंग जवळजवळ गुळगुळीत किंवा तुरळक केसांची. उडदाची शेंग आखूड आणि जाडसर, दाणे कमी, तर मुगाची बारीक, लांब आणि दाणे जास्त. किमान दहा शेंगा मोजा. एका शेंगेच्या मापाला काही अर्थ नसतो, कारण कीड लागलेली किंवा अर्धवट भरलेली शेंग नेमकी हाताला येते.

शेंग चपटी आणि कोयतीसारखी वाकलेली असेल, तर तो कुळथाचा नातेवाईक, किंवा शेतातून निसटलेला कुळीथच. भात कापल्यावर त्याच ओलीवर कोकणात कुळीथ पेरतात, त्यामुळे खाचरांच्या आसपास त्याची चुकार रोपं नेहमीचीच.

निसटलेल्या पिकाचा प्रश्न मुगातही येतो. शेताजवळची वेल रानटी की पेरलेल्या मुगातून आलेली, हे ठरवायला पक्व शेंग दुपारच्या उन्हात कागदी पाकिटात ठेवा. रानटी शेंगेच्या दोन्ही फाका तडकून स्क्रूसारख्या पीळ खातात आणि दाणे उडतात. पाकिटात टिकटिक ऐकू येते. पेरायच्या मुगाची शेंग एवढ्या सहज उघडत नाही, आणि दाणाही मोठा असतो. रानटी दाणा साधारण तीन मिलिमीटरचा, करडा-काळा, ठिपकेदार.

९. बी

आता पुठ्ठा बाहेर काढा. रानटी दाणा उडदाशेजारी आणि मुगाशेजारी ठेवा, डोळा वर करून. उंचावलेली कड आहे की डोळा सपाट, एवढं बघा. कड असेल आणि शेंगही केसाळ, उभी असेल, तर रानटी उडीद: व्हिग्ना मुंगोचा सिल्वेस्ट्रिस प्रकार. डोळा सपाट, दाण्यावर बारीक जाळीदार रेषा आणि शेंग झुकलेली असेल, तर रानटी मूग: व्हिग्ना रेडिआटाचा सबलोबाटा प्रकार. शेंग एक सांगते आणि बी दुसरंच, असं झालं तर बीचं ऐका आणि वहीत तसं स्पष्ट लिहा. ओढून-ताणून जुळवू नका.

पानाचं प्रत्येक दल खोल कापलेलं, तीन पाळ्यांचं, वेल जमिनीवर पसरलेली, फूल लहान आणि शेंग गुळगुळीत, असं असेल तर मुद्गपर्णी जवळची. पण तिथेही शिक्का मारायची घाई नको. गेल्या काही वर्षांत या पट्ट्यातून व्हिग्ना सह्याद्रिआना, व्हिग्ना यादवी, व्हिग्ना कोंकणेन्सिस अशा जाती नव्याने वर्णिल्या गेल्या आहेत. एखादं माप बसत नसेल तर चूक तुमचीच असेल असं नाही.

मोबाइलवरच्या ओळख सांगणाऱ्या ॲपचं उत्तर इथे फारसं उपयोगी पडत नाही. त्याला फुलाचा समोरचा फोटो मिळतो आणि निर्णयाच्या सगळ्या खुणा फुलाच्या मागे, पानाखाली आणि शेंगेत असतात. कूळ ओळखायला ॲप ठीक आहे.

आणि चव घेऊन ओळख पटवू नका. रानातल्या अनोळखी शेंगांची उसळ करायची नाही. याच कुळात लाल-काळी गुंज आहे, जिचा चावलेला दाणा जिवावर बेततो, आणि अबईच्या रानटी बहिणी आहेत, ज्यांच्या बिया कच्च्या खाणं घातक ठरतं.

१०. पेरून खात्री करा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, पण शंका असेल तेव्हा हीच निकाल लावते. रानटी बीची साल कडक असते, नुसती भिजवली तर महिनाभरही फुगत नाही. नखकापणीने डोळ्याच्या विरुद्ध बाजूला सालीचा कपचा उडवा, आतला पांढरा भाग जेमतेम दिसेल इतकाच. रात्रभर भिजवा. फुगलेले दाणे कपात सेंटिमीटरभर खोल पेरा. शेजारच्या कपात घरचे मूग पेरा, म्हणजे तुलना होईल.

चार-सहा दिवसांत रोप वर येतं. दोन गोष्टी बघा: बीच्या दोन डाळी मातीवर आल्या की मातीतच राहिल्या, आणि समोरासमोर आलेल्या पहिल्या दोन साध्या पानांना देठ आहे की नाही. डाळी वर आणि पहिली पानं बिनदेठाची, म्हणजे मूग-उडदाचा गट. डाळी वर, पण पानांना देठ, म्हणजे मटकी-मुद्गपर्णीचा गट. डाळी मातीतच आणि पानांना देठ, म्हणजे तिसराच गट, ज्यात घाटात सापडणारी व्हिग्ना डालझेलिआना येते. रोज फोटो काढा, कारण पहिल्या पानांचा देठ लवकर बघितला तर स्पष्ट दिसतो, आणि वरच्या डाळी आठवडाभरात गळून जातात.

११. नमुना आणि चिठ्ठी

एका जागी पाचपेक्षा कमी वेली असतील तर नमुना घेऊच नका. जास्त असतील तर हातभर लांबीचा एक शेंडा पुरे: पानं, उपपर्णं, फुलं, शेंगा सगळं असलेला. वर्तमानपत्रात मांडताना एक पान मुद्दाम उलटं ठेवा, ग्रंथी आहेत की नाहीत ते नंतर बघता यावं म्हणून. दोन फुलं स्पिरिटच्या बाटलीत घाला, कारण दाबलेल्या फुलात नौकेचं शिंग चपटं होऊन जातं. शेंगा कागदी पाकिटात.

कोकणातल्या दमट हवेत कागद पहिले पाच-सहा दिवस रोज बदलावे लागतात, पावसात दिवसातून दोनदा. नवे कागद घालण्याआधी इस्त्रीने गरम करून घ्या. बुरशीचा पांढरा ठिपका दिसला तर तो भाग कापून टाका. पूर्ण नमुना साधारण ४२ × २८ सेंटिमीटरच्या जाड कागदावर मावेल असा दुमडा.

चिठ्ठी नमुन्यासोबतच लिहा, घरी जाऊन नाही. नमुन्यादाखल:

“आंबोली ते चौकुळ रस्ता, झुडपांची कड, जांभा जमीन. उंची मोबाइलनुसार. ४ ऑक्टोबर, सकाळी ८:४०. चढणारी वेल, सुमारे दीड मीटर. उपपर्ण मधून चिकटलेलं, अंडाकृती, ११ मिमी. पानाखाली ग्रंथी नाहीत. फूल फिकट पिवळं, नौकेवर आखूड शिंग. शेंगा झुकलेल्या, १० शेंगांची लांबी ४५ ते ५८ मिमी, केस आखूड. बीचा डोळा सपाट. आसपास शेती नाही. गावातलं नाव: रानमूग.”

यात ‘रानमूग’ सगळ्यात शेवटी आहे, ते मुद्दाम. पक्की ओळख हवी असेल तर नमुना पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम केंद्रात, मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये किंवा कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात दाखवता येतो. नमुना घेऊन जाण्याआधी पत्र किंवा ईमेल पाठवा. सोबत उपपर्ण, पानाची खालची बाजू, वेलीवरच्या शेंगा आणि बीचा डोळा असे चार फोटो जोडा, प्रत्येकात पट्टी ठेवून. समोरून काढलेला फुलाचा सुंदर फोटो पाचवा, हवा तर.